न दिसलेला ठिपका

वहिनींचं एक व्रत होतं. त्याला ना पोथी, ना आरती. सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत तोंडातून तक्रारीचा शब्द काढायचा नाही, एवढंच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा धरलेलं. सासूबाई गेल्या, व्रत राहिलं. बायकांचे कपडे शिवताना मशीनची सुई बोटात घुसली तरी बोट क्षणभर तोंडात धरायचं आणि पुढची शिवण घालायची. नणंद चेष्टा करायची, "वहिनी, भांडायला मी दुपारीच येत जाईन. सकाळी तुमच्याशी भांडण्यात राम नाही."

बायोप्सीची वेळ नेमकी सकाळची मिळाली.

मागच्या तपासणीत डाव्या स्तनात एक पांढरा ठिपका दिसला होता. हाताला लागत नव्हता, सोनोग्राफीत सापडत नव्हता. एमआरआयला तेवढा दिसला, म्हणून तुकडाही एमआरआयमध्येच काढायचा होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. पालथं झोपायचं, स्तन दोन पट्ट्यांमध्ये धरायचा, शिरेतून औषध सोडलं की ठिपका उजळतो. मग जागा बधिर करून सुईने तुकडे घ्यायचे आणि आत धातूची कणभर खूण ठेवून द्यायची. दुखलं तर सांगायचं, पण हलायचं नाही.

वहिनींनी मान डोलावली. त्यांच्या मनात 'हलायचं नाही' तेवढंच राहिलं.

ती खोली तळघरात होती. खिडकी नाही, गारठा असा की बोटांची नखं निळी पडावीत. अंगावरचं धातूचं सगळं काढून पिशवीत घातलं आणि पिशवी बाहेर बाकावर बसलेल्या नणंदेकडे दिली. "तुमचं सोनं घेऊन पळून जाते बघा," ती म्हणाली आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली.

टेक्निशियन मुलीने त्यांना पालथं झोपवलं, गरज पडली तर दाबून बोलवायला हातात रबरी फुगा दिला आणि पट्ट्या आवळल्या. आवळतच गेली. वहिनींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काकू, ठीक आहे ना? फार घट्ट नाही ना?"

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या.

यंत्र सुरू झालं. कुणीतरी बंद दारावर बुक्क्या मारत असावं तसा आवाज. थांबायचा, दबा धरायचा, पुन्हा सुरू व्हायचा. हातातून गार औषध वर चढत गेलं. वहिनींनी मनात देवाचं नाव धरलं, पण त्या ठोक्यांत नामसुद्धा तुटत होतं. पट्टीखालचं अंग हळूहळू आपलं नाहीसंच वाटायला लागलं.

मग सगळं थांबलं. काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंची आणि त्या मुलीची कुजबुज बराच वेळ चालली.

डॉक्टरीणबाई आत आल्या. ठिपका दिसतच नाही, म्हणाल्या. असं कधीकधी होतं. दिसला नाही तर सुई घालता येत नाही. मग आज घरी जायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा बघायचं.

कसलंसं सामान आणायला नर्स बाहेर गेली, आणि जाता जाता नणंदेला बोलून गेली असावी. अर्धवट उघड्या दारातून नणंदेचा आवाज आला. ती फोनवर भावाशी बोलत होती. "दादा, काही नाहीये रे. दिसतच नाहीये म्हणे." आणि मग तिचं रडणं. हलकं, सुटल्यासारखं.

घरी नवरा सकाळपासून फोन हाताशी घेऊन बसला असणार. आता त्याच्या जिवात जीव आला असेल.

"एक विचारते," डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या. "पट्टी फार आवळली असेल तर औषध तिथवर पोचत नाही आणि ठिपका असूनही दिसत नाही. मघाशी घट्ट होतं का?"

नाही म्हटलं की सुटलं. व्रतही मोडणार नव्हतं, घरचं हसूही. वहिनींनी जीभ टाळूला चिकटवून ठेवली. त्यांच्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायका आठवल्या. श्वास कोंडून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्या. त्या बायकांना वहिनी काय सांगायच्या? "माझ्यापाशी कशाला लाजता? कापड काही तुमचं ऐकणार नाही."

"घट्ट आहे," वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "फार घट्ट आहे. दुखतंय मला."

टेक्निशियन मुलीचे हात लगेच पट्ट्यांकडे गेले. पट्ट्या सैल झाल्या तसं अंगात रक्त परतलं, मुंग्यांसारखं, झोंबत. थोडा वेळ जाऊ दिला. मग पुन्हा त्या बुक्क्या.

या वेळी काचेपलीकडे कुजबुज झाली नाही. त्यावरूनच वहिनींना कळलं.

"दिसला," डॉक्टरीणबाई आत येऊन हळूच म्हणाल्या. "मागच्यापेक्षा थोडा मोठा वाटतोय. बरं झालं बोललात."

बधिर करायचं इंजेक्शन टोचलं. मग सुईचा दाब आला, खोल, खोल. दुखत नव्हतं, फक्त काहीतरी शोधत आत शिरत होतं.

दार आता बंद होतं. बाहेर जाऊन नणंदेला काही सांगावं असं कुणाच्या मनात आलं नाही. वहिनी हलल्या नाहीत.