योद्धा कोणी व्हायचं

पितांबरच्या देवपुरातल्या घरी, माडीवर, रविवारी दुपारी एक खेळ चालायचा. सगळ्या धुळ्यात तो दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असं वाटत नव्हतं. अमेरिकेत राहणारा त्याचा मावसभाऊ त्र्याण्णव साली सुट्टीत आला आणि परत जाताना इंग्रजी पुस्तकांचा एक खोका आणि वीस बाजूंचे रंगीत फासे ठेवून गेला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. आपला माणूस काय करतो ते ज्याने त्याने बोलायचं, आणि ते साधलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. पितांबरने पुस्तकं वाचून काढली होती, म्हणून गोष्ट तो सांगायचा.

खेळणारे तिघं. पितांबरची धाकटी बहीण कमल चोर झाली होती. रतिलाल जळगावचा, इंग्रजी शाळेत शिकलेला. तो जादूगार झाला. तिसरा हिलाल, साक्रीकडच्या एका खेड्यातला. पितांबर, रतिलाल आणि तो पॉलिटेक्निकला एकाच वर्गात होते. हिलाल योद्धा होता.

सुरुवातीचे महिने झकास गेले. रतिलालच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र टाकता यायचा. तो संपला की एखाद्या उंदरानेही त्याला लोळवावं अशी गत. मग तो हिलालच्या पाठीमागे लपायचा. हिलाल ढाल घेऊन दारात उभा राहायचा, फासा दोन्ही तळहातांत घोळवून टाकायचा, आणि वीसचा आकडा आला की कमल टाळ्या वाजवायची.

पण या खेळात माणसं मोठी होत जातात, आणि सगळी सारखी मोठी होत नाहीत. योद्ध्याचा वार थोडा जड झाला, एवढंच. जादूगार मात्र उडायला लागला, अदृश्य व्हायला लागला, कुलूप नुसतं बोलून उघडायला लागला. पाऊसपाणी सरेपर्यंत अशी वेळ आली की राक्षसांची टोळी दिसली रे दिसली, रतिलाल आगीचा गोळा टाकून मोकळा. हिलाल म्हणायचा, मी पुढे जातो. तोवर पुढे कोणी उरलेलंच नसायचं.

पितांबरच्या ते लक्षात आलं होतं. हिलाल आता फासा न घोळवताच टाकायचा. मधेच उठून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. पितांबरने आपल्या परीने उपाय केला. एका गुहेत हिलालला मंतरलेली तलवार सापडेल अशी तजवीज केली. हिलालने ती घेतली, पण मान वर केली नाही. मग पितांबरने एक असा किल्ला रचला, जिथे कुठलाच मंत्र चालत नाही.

त्या दिवशी रतिलाल चिडला. तो आवाज चढवणारा नव्हता, पण कागद बाजूला सारून म्हणाला, "मी इतके महिने एका मंत्रावर काढले. तुमच्या मागे लपून. तेव्हा माझ्यासाठी कोणी किल्ला बांधला नाही. आता माझी पाळी आली तर तू माझे हात बांधतोस?"

रतिलालचं खोटं नव्हतं. हिलाल दोघांकडे बघत राहिला. आपल्यावरून भांडण होतंय, हे त्याला भांडणापेक्षा जास्त लागलं असावं. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. वर्गात भेटला की अभ्यास आहे म्हणायचा.

दिवाळीच्या सुट्टीत पितांबर एसटीने साक्रीला गेला. आठवड्याचा बाजार होता. हिलाल वडिलांबरोबर भुईमुगाच्या शेंगा विकत बसला होता. वडिलांनी पितांबरला बसायला पोतं दिलं, चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली. ते गिऱ्हाइकाकडे वळल्यावर पितांबरने हळूच विषय काढला. नियम बदलून बघतो म्हणाला, योद्ध्याला दोनदा वार करू देतो, जादूगाराचे मंत्र कमी करतो.

हिलाल शेंगांत हात घालून बसला होता. धुळ्यात तो नेहमी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचा. इथे मात्र घरच्या बोलीत बोलला.

"तू माले योद्धा का दिधा?"

पितांबर म्हणाला, सोपा असतो म्हणून.

"सोपा दे, आसं मी सांगेल व्हतं का?"

पहिल्या दिवशी पितांबरने मंत्रांचं जाड पुस्तक रतिलालपुढे ठेवलं होतं आणि हिलालला म्हणाला होता, तुला एवढं इंग्रजी वाचत बसायला लागू नये, तू योद्धा घे. आपण त्याची अडचण ओळखली, याचं त्याला तेव्हा बरंही वाटलं होतं.

"रतिलाल इचार करस, काय करानं ते ठरावस," हिलाल म्हणाला. "मी नुसता मारस. दोनदा मारू दिधं तरी मारसूच ना?"

परतीच्या गाडीत पितांबरला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो मंत्रांचं मराठी करायला बसला. काही शब्द अडले की कमलला विचारायचा. एका मंत्राला काय म्हणावं यावरून दोघांचं पार जेवणापर्यंत वाजायचं. सुट्टी संपता संपता फुलस्केप कागदांची चांगली चळत तयार झाली. ती त्याने हिलालच्या हातात दिली. हिलालने उभ्या उभ्या बरीच पानं वाचली आणि रविवारी येतो म्हणाला.

पण एका मंत्राचा नवा जादूगार उडणाऱ्या जुन्या जादूगाराशेजारी उभा कसा करायचा? पितांबरने सुचवलं, सगळ्यांनीच नवी माणसं घेऊ या. कमल तयार झाली. रतिलालने हातातला फासा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, योद्धा कोण होणार? पितांबरने त्याच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यानेच सगळं बिनसलं.

"म्हणजे आता मी मागे व्हायचं," रतिलाल म्हणाला.

"मागे नाही, पुढे," कमल म्हणाली. "हिलालभाऊ इतके दिवस पुढेच उभे होते."

रतिलालने चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. पितांबर त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेला, पण तो थांबला नाही.

खेळ तिघांत सुरू राहिला. हिलाल मंत्र नीट निवडायचा, प्रश्न विचारायचा, पितांबरला न सुचलेल्या वाटा काढायचा. पण पुढे ढाल धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याच रविवारी एका पुलावर लुटारूंनी गाठलं, हिलालचा एकुलता मंत्र फसला, आणि जादूगार तिथेच मेला. हिलाल फाशावरच्या आकड्याकडे बघत राहिला. पितांबर म्हणाला, फासा परत टाक, मी बघितलाच नाही असं समज.

"नको," हिलाल म्हणाला. "दुसरा कर. जादूगारच कर." त्याने मंत्रांचे कागद पुन्हा पुढ्यात ओढले.

परीक्षेच्या आधी पितांबरला रतिलाल बसस्टँडवर दिसला, जळगावच्या गाडीची वाट बघत. दोघं थोडा वेळ पेपरांबद्दल बोलले. गाडी लागली, लोक दाराशी दाटले. रतिलालने पिशवी उचलली आणि विचारलं, "माझा जादूगार कुठे आहे?"

"तू सोडलास तिथेच. किल्ल्यात."

"मंत्र चालत नाहीत तिथे?"

"हो."

रतिलालने मान हलवली. "असू दे. दुसऱ्या कोणाला खेळायला देऊ नकोस," तो म्हणाला आणि गर्दीत शिरला. पितांबरला त्याला खाली बोलवायचं होतं, योद्धा मी होईन म्हणायचं होतं. पण गोष्ट सांगणारा योद्धा होऊ शकत नाही, आणि गाडी वळत होती.