मध्यभागी पुसट

"हीसुद्धा नाही," बाबा म्हणाले आणि डोळ्याचं भिंग काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "कडेची अक्षरं बघ कशी लख्ख आलीत. आणि मध्यभागी नुसता चिखल."

बाबा म्हणजे माझे सासरे. नवी लेन्स घरात आली की तिची आधी परीक्षा व्हायची. भिंतीवर वर्तमानपत्राची दोन पानं चिकटपट्टीने ताणून बसवलेली असत. समोर तिपाईवर कॅमेरा. पानापासून लेन्सपर्यंतचं अंतर बाबा दोरीने मोजत, तोच आकडा लेन्सच्या कड्यावर लावत आणि श्वास रोखून खटका दाबत. मग त्या फोटोची मोठी प्रत काढून आणायची आणि घड्याळजी लावतात तसलं भिंग उजव्या डोळ्यात धरून एकेक ओळ वाचायची. आमच्या बैठकीच्या खोलीत लग्नाचा फोटो नव्हता, पण दोन वर्षांपूर्वीच्या शेअर बाजाराचे भाव होते.

"दोरीने कशाला मोजता?" एकदा मी विचारलं होतं.

"म्हणजे दोष निघाला तर तो लेन्सचा. माणसाचा नाही."

ही सहा महिन्यांतली तिसरी लेन्स. आधीच्या दोन त्यांनी अशाच परत केल्या होत्या. दुकानदार ओळखीचा, जुन्या मालाची अदलाबदल करणारा, म्हणून चाललं.

"आणि ही रकान्याची उभी रेघ बघ," बाबांनी प्रत माझ्यापुढे सरकवली. "मध्ये पोटात वाकत गेलीय की नाही?"

ठमीला कडेवर घेऊन मी वाकले. ठमी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा दोन वर्षांची. नाव दुसरं आहे, पण बाबांनी तिला पहिल्या दिवशी ठमाबाई म्हटलं आणि तेच चिकटलं. मला रेघ सरळ दिसली. अक्षरंही सगळी सारखीच दिसली, मधली आणि कडेची. पण ठमीचं जेवण गार होत होतं, तिने माझा चष्मा धरला होता, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं. "जराशी गेलीय खरी."

"जराशी? चांगली गेलीय! चाळीस वर्षं रेघा मारल्यात मी. मला सरळ रेघ शिकवू नये कोणी."

ते खरंच होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते नकाशे काढत. शहराच्या पोटातली प्रत्येक जलवाहिनी त्यांच्या हातून कागदावर गेलेली. एकदा साहेबांनी त्यांची रेघ पट्टी लावून तपासली, तेव्हा म्हणे पट्टीच वाकडी निघाली. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की माझा नवरा ती त्यांच्याआधी पूर्ण करायचा. कॅमेऱ्याचा नाद मात्र निवृत्तीनंतरचा. तो त्यांनी नोकरीसारखा लावून घेतला होता. पत्रकं गोळा करायची, या लेन्सला किती भिंगं, त्या लेन्सला किती पाती, वहीत लिहायचं. फोकस स्वतःच्या हाताने लावायचा. "आपोआप फोकस म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," म्हणायचे.

ठमीचे फोटो ते रोज काढत. तेव्हा दोरी नसे. ती पळणार आणि हे मागे, डावा डोळा मिटून, उजवा कॅमेऱ्याला लावून, कडं फिरवत. ते फोटो धूसर येत. आधी क्वचित, मग बरेच, मग सगळेच. नाक नाही, डोळे नाहीत, मागच्या पडद्याची फुलं मात्र मोजून घ्यावीत.

"कसे आलेत?" ते विचारत.

"छान आलेत, बाबा."

चांगल्या फोटोला मी वाईट म्हणत होते आणि वाईटाला चांगलं. दोन्ही वेळा कारण एकच, वाद नको.

माझा स्वभाव तसा बघण्याचा. घरातल्या विजेच्या प्रत्येक प्लगला मी झाकण लावलं होतं. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज. ठमीच्या घशात जाईल अशी वस्तू दिसली की रात्री झोपेतही मला ती आठवायची. माझा नवरा म्हणायचा, तुला चौकीदाराचा पगार मिळायला हवा. या घरात मी एवढं सगळं बघत होते. बाबा चहा ओतताना कपाच्या कानाला आधी बोट लावून बघतात, हेही दिसलं होतं. मला वाटलं, सवय असेल.

तिसरी लेन्स परत करायला आम्ही तिघं गेलो. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. काचेच्या कपाटात डोळ्यांसारख्या ओळीने मांडलेल्या लेन्स. दुकानदाराने आमच्याकडे बघून हात जोडले.

"या साहेब! आता हिने काय गुन्हा केला?"

"मध्य पुसट. रेघा वाकतात."

"साहेब," तो स्टूल पुढे ओढत म्हणाला, "लेन्स म्हातारी झाली की आधी कडेला जाते. मध्य शेवटपर्यंत टिकतो. कडा चांगल्या आणि मध्य खराब, अशी लेन्स मी तरी जन्मात पाहिली नाही. आणि तुम्हाला मात्र लागोपाठ तीन!"

"नशीब एकेकाचं. हे घ्या, पुरावा आणलाय."

बाबांनी फोटोची प्रत काउंटरवर पसरली. दुकानदाराने दिवा ओढला, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. मग भिंग बाबांकडे दिलं.

"कुठे वाकलीय, जरा दाखवता?"

एवढ्यात ठमीने कपाटाच्या काचेवर दोन्ही हात मारले. मी ओरडले, तशी ती घाबरून आजोबांकडे झेपावली आणि त्यांच्या उजव्या हातावर चढून बसली. तिचं डोकं त्यांच्या उजव्या गालाला टेकलं. बाबांनी भिंग डाव्या हातात घेतलं आणि डाव्या डोळ्याला लावलं.

"ही बघा, ही जी—"

ते थांबले.

भिंग काढून त्यांनी काच सदऱ्याला पुसली. पुन्हा डाव्या डोळ्याला लावलं. मग ठमीला अलगद दुसऱ्या हातावर घेतलं आणि भिंग उजव्या डोळ्याला लावलं. मग डाव्या.

"मालक," ते शेवटी म्हणाले, "लेन्स चांगली आहे. राहू दे माझ्याकडेच."

दुकानदाराने लेन्स कापडात गुंडाळून दिली. त्या दिवशी तो आम्हाला जिन्याच्या पायरीपर्यंत सोडायला आला.

रस्त्यात बाबा ठमीला धरून माझ्या पुढे चालत होते. कोपऱ्यावर वळताना न थांबताच त्यांनी विचारलं, "तुला रेघ सरळ दिसत होती ना?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो, बाबा."

"आणि ठमीचे फोटो?"

मी पुढे होऊन ठमीची निसटणारी चप्पल सावरली. त्यांनी मान हलवली, जणू मी उत्तर दिलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद बाबांसमोर धरला, मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या. बाबांनी तो बघितला आणि किंचित हसले. "हा तर आमच्याच धंद्यातला," म्हणाले. "या चौकटी मध्यभागी वाकल्यात."

उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, अगदी मध्यावर, व्रण झाला होता. तो आता तसाच राहणार. डाव्यातही सुरुवात होती, त्यासाठी सुया द्यायच्या होत्या.

"रेघा वाकड्या दिसतात, असं घरी कधी म्हणाले होते का?" बाईंनी मला विचारलं. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर..."

मी टेबलावरचा तो चौकटींचा कागद उगाच सरळ केला.

"हिने खूप सांगितलं," बाबा म्हणाले. "रोज मागे लागायची. मीच हट्टी. म्हातारी माणसं ऐकतात का?"

बाईंनी त्यांना लटकं रागावून घेतलं आणि चिठ्ठी लिहायला लागल्या. मी त्यांच्या पेनाकडे बघत राहिले. बाबांकडे बघायचं धैर्य झालं नाही.

सुया झाल्या. दर महिन्याला मी त्यांना नेत होते, आणत होते. डाव्या डोळ्याने वर्षभर तग धरला आणि मग तोही हळूहळू मधून गेला. आता त्यांना कडा दिसतात. दार दिसतं, दारात उभ्या असलेल्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा नाही. चेहऱ्याकडे बघायचं तर ते मान वळवून दुसरीकडे बघतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा शिष्ट आहे.

भिंतीवरचं वर्तमानपत्र मी काढलं. त्याच्या जागी भिंतीचा रंग जरा उजळ निघाला.

मागच्या महिन्यात ते म्हणाले, "मला दुकानात ने. लेन्स घ्यायचीय."

ने म्हटल्यावर मी नेलं. दुकानदाराने कपाटच उघडून दिलं. बाबांनी एकेक लेन्स हातात घेतली, कानाजवळ नेऊन कडं फिरवलं, परत ठेवली. एखादी ढिली, एखादी खरखरणारी. एक जुनी, जड, पितळी लेन्स त्यांनी बराच वेळ धरून ठेवली.

"ही. हिच्या कड्यावर सहा फुटांचा आकडा आहे ना? तिथे कानशीने एक खाच मारून द्या. बोटाला लागेल अशी."

"साहेब, खाच मारली की ही पुढे कुणी घेणार नाही."

"पुढे कुणाला द्यायचीय?"

दुकानदाराने खाच मारली. दोनदा फुंकर घालून पितळेचा भुसा उडवला आणि बाबांचं बोट धरून तिच्यावर टेकवलं.

काल दुपारी बैठकीच्या खोलीत खिडकीतून भरपूर उजेड होता. बाबांनी ती परीक्षेची दोरी काढली. सहा फुटांवर गाठ मारलेली. एक टोक त्यांनी लेन्सशी धरलं.

"ठमाबाई, गाठ नाकाला लावा आणि मागे मागे जा. दोरी ताठ झाली की थांबा."

ठमी आता साडेतीन वर्षांची आहे. ती भिंतीपर्यंत मागे गेली, बरोबर त्या उजळ चौकोनासमोर थांबली. दोरी ताठ झाली. बाबांनी बोटाने खाच शोधली आणि कडं तिच्यावर आणलं. कॅमेरा डोळ्याला लावला नाही, छातीशी धरला.

"आता दोरी सोड."

ठमीने मूठ आणखी घट्ट केली.

"सोड गं," मी म्हटलं.

"असू दे, येऊ दे दोरी फोटोत." बाबांनी मान थोडी वळवली. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता. "हसतेय का?"

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. सवयीचं.

"नाही, बाबा. तुमच्याकडे बघतेय."

"अस्सं," ते म्हणाले. "मग बघू दे."

त्यांनी खटका दाबला. मग कॅमेरा गळ्यात सोडला आणि दोरी बोटांभोवती गुंडाळायला लागले. एक वेढा, एक पाऊल. एक वेढा, एक पाऊल. गाठीशी पोचेपर्यंत ते कुठे धडकले नाहीत. तिथे त्यांच्या हाताला ठमीची मूठ लागली.