बारा मीटरची वायर

आमच्या बँडमध्ये लीड गिटार नाही, बेंजो आहे. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, खरंच? खरंच. मिरवणुकीत वाजतो तोच, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, गळ्यात पट्टा अडकवून वाजवायचा.

तो धम्मपाल वाजवतो. त्याच्या वडिलांची उलव्यात बेंजो पार्टी आहे आणि शाळेत असल्यापासून हा जयंतीच्या मिरवणुकीत वाजवत आलाय. ड्रम्सवर उदयसिंह. त्याचे वडील एपीएमसीत कांद्याची पोती वाहतात, त्यांच्या ओळखीने रविवारी एका बंद गाळ्यात प्रॅक्टिसला जागा मिळाली. मी मैत्री, गाते आणि भांडते. त्यातलं दुसरं मला जास्त चांगलं जमतं.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजात झाला आणि आमची पार शोभा झाली. मिरवणुकीत वाजवणारा माणूस एका जागी उभा राहत नाही. वाजवत पुढे सरकायचं, हे धम्मपालच्या पायांत मुरलेलं. दुसऱ्या कडव्याला तो सवयीने चालू लागला, स्टेजच्या कडेपर्यंत गेला आणि बेंजोची अँपला जोडलेली वायर ताणून निसटली. बेंजो मुका झाला. पोरं पोट धरून हसली. परतताना तो म्हणाला, मी सोडतो, तुम्ही एखादा गिटारवाला बघा. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मग आमचं रेकॉर्डिंग ऐकून बेलापूरच्या एका कॅफेने बोलावलं. दुपारी साउंड चेकला तिथला मॅनेजर निखिल बेंजोकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, गिटारलाच काहीतरी इफेक्ट लावलाय. फार गोड शब्दांत त्याने समजावलं, की आवाज भारीच आहे, पण दिसायला ते वरातीचं वाटतं. तर वाजवणाऱ्याने पडद्यामागे बसावं.

धम्मपालने मान डोलावली. मला निखिलचा राग आलाच, पण त्या डोलावलेल्या मानेचा जास्त आला. आज हा मागे बसला की परत कधी पुढे येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"तू पडद्यामागे बसलास तर मी गाणार नाय," मी म्हणाले.

"चान्स जाईल, मैत्री. आणि मी परत चालायला लागलो तर?"

"तर चाल."

उदयसिंहला मी तडक बाजारात पिटाळलं. तो बारा मीटरची वायर घेऊन आला.

संध्याकाळी कॅफे भरला. पडद्यामागे निखिलने स्टूल मांडून ठेवलं होतं, ते रिकामंच राहिलं. मी माइक हातात घेतला.

"हा बेंजो आहे. धम्मपाल वाजवतो. वाजवताना तो पुढे चालतो. टेबलं जरा बाजूला घ्या."

कोणी हललं नाही. निखिल लांबून हातवारे करत होता. दुसऱ्या कडव्याला धम्मपालचे पाय उचलले गेले, पण स्टेजच्या कडेला येऊन तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मी गात होते, बोलणार कशी? म्हणून मीच आधी खाली उतरले. तो मागोमाग उतरला. मग एकेक खुर्ची सरकू लागली, टेबलं सरकली, आणि धम्मपाल वाजवत वाजवत थेट काचेच्या दारापर्यंत गेला. तिथे वायर संपली. त्याने गाणं तिथेच उभं राहून पुरं केलं, मान ताठ ठेवून.

निखिलने आम्हाला परत बोलावलं नाही. आम्ही आता वीस मीटरची वायर घेतलीय.