न सापडणारे व्हॉल्व्ह

सख्ख्या जावा एकाच ऑफिसात आणि तरी भांडत नाहीत, याचं लोकांना भारी नवल. धाकटीला मात्र त्याचा अभिमान होता. थोरलीनंच शब्द टाकून तिला इथं चिकटवलं होतं, तेही तात्पुरतं. आज दुपारी साहेबांसमोर काम नीट चाललं, की ती कायम होणार होती.

काम शहरभरच्या पाण्याच्या पाइपांची नोंद ग्राफ डेटाबेसात भरायचं. ग्राफ डेटाबेस म्हणजे काही जादूटोणा नव्हे. प्रत्येक व्हॉल्व्ह हा एक ठिपका आणि दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ म्हणजे पाइप. ठिपके थोरलीनं भरायचे, रेघा धाकटीनं. एकमेकींच्या कामाला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हा दोघींचा करार. घरी स्वयंपाकघरातही तोच चालायचा.

काल थोडे पाइप भरून पाहिले तेव्हा सगळं सुरळीत होतं. आज मात्र सकाळपासून एकच रडगाणं, 'व्हॉल्व्ह सापडत नाही.' अहो, सापडत नाही म्हणजे काय? पडद्यावर ढिगानं ठिपके दिसताहेत की! तिनं फाइल तपासली, फालतू रिकाम्या जागा काढल्या, पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

"तुझ्याच फाइलीत घोळ असेल बघ," शेजारच्या टेबलावरून थोरली म्हणाली. "घाईत होतं असं."

धाकटीनं मान डोलावली. वहिनी म्हणतात म्हणजे असेलच.

जेवणाच्या सुट्टीतही ती जागची हलली नाही. शेवटी वैतागून तिनं एकच व्हॉल्व्ह उघडून पाहिला, आणि चमकली. त्याचा नंबर अवतरणचिन्हांत होता. म्हणजे तो आकडा राहिलाच नव्हता, त्याचा मजकूर झाला होता. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, पण मशीनच्या लेखी ते वेगळे. तिचे पाइप आकडा शोधत होते, तो कुठून सापडणार?

काल तर आकडे होते. व्हॉल्व्ह बदलायची परवानगी एकट्या थोरलीला. आणि सकाळी, "तू आईंचं आवरून सावकाश ये," म्हणत तीच आधी निघाली होती. केवढं प्रेम उतू चाललं होतं बाईंचं!

धाकटीनं तिला पाण्याच्या कूलरपाशी गाठलं. "वहिनी, व्हॉल्व्ह तुम्ही बदललेत?"

थोरलीनं ग्लास काठोकाठ भरला. मग म्हणाली, "आई अंथरुणाला खिळलेल्या. दोघी कायमच दिवसभर बाहेर राहिलो तर त्यांना कोण बघणार? एकीला घरी बसावंच लागणार होतं."

"म्हणून माझा केसानं गळा कापलात? सकाळपासून मी स्वतःलाच मूर्ख ठरवतेय, आणि तुम्ही शेजारी बसून बघत होतात!"

"मी एकटीनं नाही ठरवलं," थोरली पुटपुटली आणि निघून गेली.

मोठे दीर असतील, धाकटीला वाटलं. बायकोच्या शब्दाबाहेर गेलेत कधी ते?

रडायला वेळ नव्हता. तिनं आपल्या फाइलीतल्या आकड्यांचाही मजकूर करून टाकला आणि बटण दाबलं. पाइप सरसर जोडले गेले. साहेब आले. अमका व्हॉल्व्ह बंद केला तर कुठल्या गल्लीचं पाणी जाईल, असं त्यांनी विचारलं, आणि पडद्यावर लगेच उत्तर आलं. "झालात तुम्ही कायम," साहेब म्हणाले. सगळ्यांबरोबर थोरलीनंही टाळ्या वाजवल्या. धन्य त्या माउलीची!

धाकटी जिन्यात आली. आता कुठे तिचा ऊर भरून आला. नवऱ्याला सगळं सांगायचं होतं, नोकरीचं आणि वहिनींचंही. त्याच्याशिवाय त्या घरात तिचं होतं कोण? त्यानं लगेच फोन उचलला.

"ऐक ना," एवढंच ती म्हणाली.

"जाऊ दे गं," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस. नोकऱ्या काय, छप्पन मिळतील. तू घरी असलीस की आईलाही बरं वाटेल."

तिनं तर अजून काहीच सांगितलं नव्हतं. ती पायरीवरच बसली.

"मी कायम झाले," ती म्हणाली.



"पण वहिनी तर म्हणाली होती..." तो बोलून गेला.