फुली आणि ठिपका

"आत्या, पेटीत हात कोण घालतंय?"

सून दारातच थबकली होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. सासूनं सुपातले खडे जरा जास्तच मन लावून वेचायला घेतले.

"सकाळी फुली वर करून गेले होते मी. आता तिसाच्या तीस अंड्यांचा ठिपका वर! दोन दिवस वाटलं, मीच विसरतेय. अंडी आपली आपण कूस बदलायला लागली का?"

"देवाच्या मनात आलं असेल."

"देवाच्या बोटांना चुलीची राख कशी लागते मग?"

म्हातारीनं पदराखाली हात लपवले.

गेल्या आठवड्यात मोकाट कुत्र्यांनी खुराडं फोडलं आणि एकूण एक कोंबडी मारली. म्हातारीच्या आईनं तिला लग्नात दिलेल्या दोन कोवळ्या तलंग कोंबड्यांपासून वाढलेला तो वंश होता. टोपलीत तेवढी तीस अंडी उरली. ती उबवायला अंड्यांवर बसणारी उसनी खुडूक कोंबडी गावभर फिरूनही मिळेना. सून गुरांच्या दवाखान्यात कामाला. तिथली अंडी उबवायची पेटी तिनं एकवीस दिवसांच्या बोलीवर मागून आणली. आत दिवा, ऊब मोजायची काचेची नळी, पाण्याची वाटी. अंडी आडवी ठेवली आणि फिरवलेली कळावीत म्हणून प्रत्येकाच्या जाड टोकाजवळ तिनं पेन्सिलीनं फुली काढली. म्हातारीनं लगेच पलीकडच्या बाजूला कोळशाचा ठिपका दिला, देवाचा म्हणून. सुनेनं ते चालवून घेतलं. ठिपक्यानं काय बिघडतंय!

बिघडलं ते पुढंच. सून कामावर जाताना फुली वर करी, म्हणजे ठिपका खाली.

"देवाला दिवसभर पालथं पाडून जातेस!" म्हातारीला आता कंठ फुटला. "मी कसं बघायचं ते? दुपारी अंघोळ झाली की सरळ करते त्याला. संध्याकाळी तू परत पालथा घालतेस, रात्री निजायच्या आधी मी परत उठवते. थकले गं बाई!"

म्हातारीचा मुलगा तिथंच जेवत होता. कुणाच्याच बाजूनं मान हलायला नको म्हणून तो ताटाच्या तळाकडं टक लावून बसला.

पेटीवर चिकटवलेला दवाखान्याचा कागद सुनेनं पुन्हा वाचला. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि मटकन खाली बसून हसायला लागली.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं.

"दिवसातून चार वेळा तरी अंडी फिरवा, असं लिहिलंय यात. मला दोनदाच जमतं. दुपारी कोण फिरवणार, या काळजीनं झोप नव्हती मला. आणि तुम्ही..."

"मग आधी सांगायचं नाही? कोंबडी चोचीनं दिवसभर सरकवते अंडी, हे मला काय कागदानं शिकवायचं?"

"पेटी आणली तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, कोंबडी कधी कागद वाचते का? म्हणून नाही सांगितलं."

म्हातारी जरा नरमली. "बरं, कागदात देवाचं काही लिहिलंय का?"

"नाही. पण तुमच्या पोथीत तरी पेटीचं कुठं लिहिलंय?"

तेव्हापासून पाळ्या ठरल्या. सून फुली वर करी, सासू ठिपका. हात धुऊन, बरं का. ती अट सुनेची. आणि हलक्या हातानं, नाव घेत, ती सासूची. अठराव्या दिवशी सून म्हणाली, "पिल्लं आता बाहेर यायच्या तयारीला लागतात, यापुढं हात लावायचा नाही. शेवटचं तुम्हीच फिरवा, देव वर राहू दे." म्हातारी त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

एकविसाव्या दिवशी सकाळी पेटीतून टकटक ऐकू आली. दोघी काचेला नाक लावून बसल्या. सुनेनं दवाखान्यात येत नसल्याचा निरोप धाडला होता. पहिल्या अंड्याला तडा गेला तो नेमका कोळशाच्या ठिपक्यातून. ठिपक्याचे दोन तुकडे झाले. सुनेनं हळूच सासूकडं पाहिलं. म्हातारी आता काय म्हणते कोण जाणे.

म्हातारी पाण्यानं भरल्या डोळ्यांनी बघत राहिली. "दार होतं गं ते," ती म्हणाली. "बाहेर कुठून यायचं ते कळायला नको का लेकराला?"

तेवढ्यात मागचं अंडं कललं. त्याची फुली फोडून एक ओली चोच बाहेर आली.

"आणि हे?" सुनेनं विचारलं.

"हे तुझ्यावर गेलंय," म्हातारीनं नाक पुसलं. "कागद बघितल्याशिवाय दाणा टिपायचं नाही."