घरट्यातली नववी जागा

मी एक जुने अंडे आहे. किती जुने, ते मोजायला तुमच्या आजोबांचे आजोबा, त्यांचेही आजोबा असे मागे जात राहिलात तर संध्याकाळ होईल आणि तुम्ही पहिल्या पायरीवरच असाल. माझे वय सुमारे सात कोटी वर्षे. आकाराने मी नारळाएवढे आणि वजनाने असे, की उचलणाऱ्याच्या तोंडून आपोआप 'हुश्श' निघते. माझ्या आत एक पिल्लू आहे, मित्रांनो. शेपूट पोटाशी घेऊन ते वळून बसले आहे. ते बाहेर कधी आलेच नाही.

माझी आई डायनासोर होती. हे नाव ऐकले की तुमच्यातले बरेच जण दात विचकून गुरगुरतात. संग्रहालयात भिंतीपलीकडून मी ते रोज ऐकत असे. पण सगळे डायनासोर गुरगुरणारे नव्हते. काही दोन पायांवर धावत शिकार करत हे खरे. काही मात्र जेमतेम कोंबडीएवढे होते. काहींच्या पाठीवर हाडांचे पत्रे उभे असत. माझी आई लांब मानेची होती. खांबासारखे चार पाय, झाडाच्या शेंड्याला टेकणारी मान आणि दिवसभर एकच उद्योग, पाला खाणे. तिने नदीकाठच्या मऊ मातीत खड्डा केला, त्यात नऊ अंडी घातली, वर माती लोटली आणि ती निघून गेली. तिच्यावर रागावू नका. ती आमच्यावर ऊब द्यायला बसली असती तर आमचे काय झाले असते, ते तुम्हीच सांगा!

पिल्लू बाहेर यायचे झाले की आतून टकटक करते. मग कवचाला भेग पडते. आमची टकटक व्हायच्या आधीच नदीला पूर आला आणि आमच्यावर गाळ बसला. वर्षे गेली, गाळावर गाळ चढला. हळूहळू त्या गाळाचा दगड झाला, माझ्या कवचाचा दगड झाला आणि आतल्या जिवाचाही दगड झाला. वरती काय काय घडले ते मला दिसले नाही. डायनासोर नाहीसे झाले. फक्त त्यांची एक पिसांची शाखा उरली. तीच आज पक्षी होऊन तुमच्या खिडकीत दाणे टिपते. माणूस तर कितीतरी उशिरा आला. डायनासोर आणि माणूस यांची कधी भेटच झाली नाही.

मग एके दिवशी खोदणारे आले. घरटे एवढे जड होते की ते अखंड उचलेना. मी कडेला होते, म्हणून मला वेगळे कापले. प्रवासात तुकडे पडू नयेत म्हणून गोणपाटाच्या पट्ट्या प्लॅस्टरमध्ये बुडवून माझ्याभोवती गुंडाळल्या, अगदी मोडलेल्या हाताला गुंडाळतात तशा. वर शाईने एक नंबर लिहिला. कवचात होते, दगडात होते, आता प्लॅस्टरमध्येही अडकले.

मला संग्रहालयाच्या कार्यशाळेत आणले. तिथे दगडातून हाडे मोकळी करणारे एक कारागीर होते. त्यांना सगळे छिन्नीकाका म्हणत. त्यांनी छोटी छिन्नी माझ्यावरच्या प्लॅस्टरला लावली आणि टकटक सुरू केली. सात कोटी वर्षांनी टकटक झाली, पण ती बाहेरून! मला वाटले, आता सुटले.

त्या कार्यशाळेचा एक नियम होता. प्लॅस्टर फोडण्याआधी वरचा नंबर चिठ्ठीवर उतरवायचा आणि चिठ्ठी दगडाला बांधायची. कारण त्या नंबरापुढे वहीत लिहिलेले असते, की हा दगड कुठे सापडला, किती खोल होता, शेजारी काय होते. काका हा नियम कधी चुकत नसत. त्या दिवशी चुकले. वरचे प्लॅस्टर निघाले आणि तेवढ्यात निरोप आला, "काका, आजोबा झालात! नात झाली!" काका छिन्नी टाकून धावले. परत आले तोवर झाडूवाल्याने प्लॅस्टरचे तुकडे उचलून नेले होते. नंबर त्यांच्याबरोबर गेला. त्या आठवड्यात तीन ठिकाणांहून दगड आले होते. मी त्यातले कुठले, हे काकांनाही सांगता येईना.

काकांनी ते कोणाला सांगितलेच नाही. मला कपाटाखाली सरकवले आणि वर पोते टाकले. ती नात आता सहावीत आहे. अकरा वर्षे मी पोत्याखाली होते.

सगळ्यात जिवाला लागायचे ते वेगळेच. कपाटामागच्या भिंतीपलीकडे दालन होते आणि तिथे काचेत एक घरटे मांडले होते. त्यात आठ अंडी होती आणि एक रिकामा खळगा होता. मार्गदर्शक ताई काठी टेकवून मुलांना रोज सांगत, "आणि हे नववं कुठे गेलं? ते होतं आगाऊ! पिल्लू बाहेर आलं आणि आईला शोधत निघून गेलं!" मुले टाळ्या वाजवत. मला तेव्हा ठाऊक नव्हते की ते घरटे माझेच आहे. मी फक्त त्या नवव्याचा हेवा करत असे.

गेल्या महिन्यात संचालकबाई कार्यशाळेत आल्या. खोली दुरुस्तीला काढायची होती. काकांच्या निवृत्तीला वीस दिवस उरले होते.

"हे काय?" बाईंनी पोते उचलले.

"दगड."

"ते दिसतंय, काका. नंबर?"

"नाही."

"मग सोमवारी राडारोड्याच्या गाडीत जाऊ दे."

काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा काढला. एक 'बरं' म्हटले असते तर काम संपले असते.

"बाई, दगड नाही, अंडं आहे. नंबर होता. मी हरवला."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि आज सांगताय?"

"आज गाडी येणार म्हणालात म्हणून."

चहाचा कप ठेवायला आलेल्या ताई दारातच थबकल्या. "काका, तुम्ही? नवीन पोरांना नंबरावरून केवढं झोडपता!"

"म्हणूनच झोडपतो."

बाई पोत्याची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला हे लेखी लागेल. पण कुठलं ते कळल्याशिवाय मी हे ठेवून तरी काय करू?"

"लेखी देतो. खालचं प्लॅस्टर अजून तसंच आहे. तेवढं काढून बघू द्या."

काकांनी मला उलटे केले. टकटक, टकटक. प्लॅस्टर सुटले आणि माझी कापलेली बाजू उघडी पडली. तिला दुसऱ्या कुठल्यातरी अंड्याच्या कवचाची एक पातळ कपची चिकटली होती. ताई वाकल्या. काठी फिरवावी तसे त्यांचे बोट त्या कडेवरून फिरले.

"थांबा. ही वळणं मी सहा वर्षं रोज दाखवतेय."

तिघांनी मला हातोहात दालनात नेले. काच उघडली. मला त्या रिकाम्या खळग्यात टेकवले आणि कडेला कड बसली, 'खट्'. शेजारच्या अंड्याची हरवलेली कपची त्याची त्याला मिळाली.

"गेली माझी गोष्ट!" ताई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

काकांनी बारीक कुंचला घेतला, वहीतला घरट्याचा नंबर काढला आणि तो थेट माझ्या दगडावर लिहिला. वाळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

आता ताई वेगळे सांगतात. "नववं कुठे गेलं नव्हतं. आम्हीच त्याला विसरलो होतो." परवा एका छोट्या मुलीने विचारले, "मग पिल्लू?"

"असेल तर अजून आतच आहे."

मुलीने बराच वेळ काचेला कान लावला. मग बोटाच्या पेराने काचेवर हळूच टकटक केली. 'काचेला हात लावू नका' ही पाटी तिच्या डोक्यावरच होती. ताईंनी ती वाचून दाखवली नाही.

मित्रांनो, मी काही बाहेर येणार नाही. पण तुम्हाला कधी नदीकाठी, डोंगरात एखादा वेगळा दगड, हाड किंवा शिंपला दिसला, तर तो नुसता खिशात टाकू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, मोठ्यांना दाखवा आणि जागा लिहून ठेवा. लिहिताना चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. काकांना अकरा वर्षे लागली, आणि तेवढी वर्षे पोत्याखाली मी एकटेच नव्हते, काकाही होते.