मालूची पानं

निपाणीच्या शाळेत मधल्या सुट्टीला पदव्यांचा एजंट रविराज आला तेव्हा पारमिता मुख्याध्यापक गोपाळसरांच्या टेबलासमोर उभी होती. नोकरी सांभाळून एम.एड. करायचं, तर तिच्यापुढं दोन वाटा होत्या. एक बेळगावची. दोन वर्षं दर रविवारी वर्ग, सकाळी सहाची बस. दुसरी या रविराजची. कॉलेज लांबचं, हजेरी कागदावर, परीक्षेपुरतं तोंड दाखवायचं. शाळेतल्या चौघांनी ही दुसरी वाट धरली होती.

"सर, ना-हरकत पत्राला आठ दिवस झाले. अर्जाची शेवटची तारीख उद्या आहे."

"बघू की," गोपाळसर म्हणाले. "रविवारी जादा तास लावले तर कोण घेणार? त्यापेक्षा रविराजकडं नाव घाला. मी दोन वर्षांमागं त्याच्याकडनंच केलं. काय अडलं माझं?"

"फाईली बी तयार मिळत्यात, म्याडम." रविराजनं पिशवीतून एक काढून तिच्या हातात दिली. "ही विद्यार्थी-अभ्यासाची. लई चाललीया. दोनशेजणांनी उतरवली, एकाचीबी परत आली न्हाय."

पारमितानं फाईल उघडली आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. वाक्य तिचं होतं. सहा वर्षांपूर्वी बी.एड.ला असताना ती जांबोटीच्या शाळेत दीड महिना शिकवत होती. तिथं आठवीतली मालू दुपारच्या जेवणातला अर्धा भात डब्यात लपवून घरी न्यायची. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं काही नाही. "कुणाला सांगू नका हं, बाई," असं म्हणून मालूनं ते सांगितलं होतं. मुलांची नावं बदलून लिहा, असं कॉलेजनं बजावलं होतं. पारमितानं बदललं नव्हतं. फाईल वाचतंय कोण, असं तिला वाटलं होतं.

"ही माझी फाईल आहे."

रविराज खुशीत आला. "आरं तिच्या! म्हंजे लेखिकाच भेटली की. चहा माझ्याकडनं."

"नाव खरं आहे त्या पोरीचं. गाव खरं आहे. दोनशे लोकांना तिची भूक विकलीस तू!"

"अगं, हळू," शेजारच्या टेबलावरून नीलाबाई म्हणाल्या. "पोरं ऐकतील."

"ऐकू देत."

"तेवढं काय नाही हो त्यात," गोपाळसर समजुतीनं बोलले. "उलट चांगलं लिहिलंय. ती भात न्यायची ना डब्यातनं? मला तर वाचताना..."

ते मध्येच थांबले. फाईल अजून पारमिताच्याच हातात होती. सरांनी ती उघडून पाहिलीच नव्हती. नीलाबाईंनी मान खाली घातली.

"झेरॉक्स हाय, बाई, ठिवा तुम्हालाच," रविराज पिशवी आवरत म्हणाला. "गाडीत अजून हायत."

तो गेला. गोपाळसरांनी ढिगाखालून ना-हरकत पत्र ओढलं, सही केली, शिक्का मारला. "घ्या. रविवारी खुशाल जावा."

तिनं धमकी दिली नव्हती. आठ दिवस विनवण्या करून न झालेली सही भीतीनं अर्ध्या मिनिटात झाली, याची तिला जास्त चीड आली. तरी पत्र तिनं घेतलं. ते तिच्या हक्काचं होतं.

मग तिथंच बसून तिनं कोऱ्या कागदावर तक्रार लिहिली. पहिल्या परिच्छेदात स्वतःची चूक, नाव न बदलल्याची. दुसऱ्यात रविराज. तिसऱ्यात, ही फाईल उतरवून पदवी मिळवलेल्यांपैकी तिला माहीत असलेलं एक नाव. फाईल जोडली आणि कागद सरांपुढं सरकवला.

"हे काय?"

"शिक्षणाधिकाऱ्यांना. शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फतच जायला लागतो. नियम आहे."

सरांनी तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. "पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय, पारमिताबाई. या खुर्चीसाठी तुमचंच नाव सुचवणार होतो मी."

"जावक नंबर घाला, सर."

"त्या मालूला तरी काय मिळणार यातनं?"

"ते तिला विचारीन मी. नंबर घाला."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. नीलाबाई पुस्तकं घेऊन गेल्या. पारमिता खुर्चीतून उठली नाही.